दोन थेंब जास्तीचे

मंगळवारी सकाळी विनायकराव महाजनांनी पिंजऱ्यावरचं ओलं फडकं उचललं. कापूसच्या नाकाखाली लाल डाग होता. डोळ्यांच्या कडाही लाल झाल्या होत्या.

"मंगला! अगं, रक्त!"

मंगलाबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणंसुद्धा खाली ठेवलं नाही. "कोणाचं?"

"कापूसचं."

"मग बोंबलू कायले राहिले? मले वाटलं तुमचं."

कापूस म्हणजे उंदीर. रात्री पोत्याला भोक पाडणारा नव्हे. पाळलेला, पांढराशुभ्र, काळ्या मण्यासारख्या डोळ्यांचा. खरं तर मादी, पण नाव कापूसच. तिच्या जोडीची करडी, तिचं नाव सरकी. कापसाच्या बुऱ्हाणपुरात वाढलेल्या मुलीला उंदरांसाठी दुसरी नावं सुचणार तरी कुठून? ही मुलगी म्हणजे मृणाल, विनायकरावांची एकुलती एक, लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेली. इंदूरला एमएस्सी करते. तिच्या खोलीच्या मालकिणीला महिन्यापूर्वी उंदरांचा पत्ता लागला आणि तिनं दोन दिवसांची मुदत दिली. मृणाल टोपली घेऊन बसनं घरी आली, जोडी वडिलांच्या स्वाधीन केली, आणि परीक्षेसाठी परत गेली. परीक्षा शनिवारी संपणार होती. रविवारी ती उंदरांना भेटायला येणार होती. आईवडिलांनाही भेटणार होतीच म्हणा.

सिंधीपुऱ्यातल्या त्या गल्लीत पहिले चार दिवस मजा चालली होती. "विनायकाच्या घरी वाहन आलं, आता मोदकाची सोय बघा," असं येणारा-जाणारा म्हणून जाई. विनायकराव हसायचे नाहीत. त्यांच्यावर जबाबदारी आली होती, आणि जबाबदारी आली की त्यांना आधी घाम फुटतो, मग झोप उडते.

जाताना मृणालनं एक कागद लिहून भिंतीला चिकटवला होता. दाणे किती, भाजी कोणती, भुसा कधी बदलायचा. पाण्याबद्दल चार ओळी होत्या. पाणी रोज बदलायचं. उकळून गार केलेलं द्यायचं. बाटलीची नळी ब्रशनं घासायची. आणि चौथ्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली: पाण्यात काहीही घालायचं नाही.

विनायकरावांनी कागद चष्मा लावून वाचला होता, मान डोलावली होती, आणि पाण्यात क्लोरीनचा थेंब घातला होता. त्यांच्या हिशेबी क्लोरीन हे 'काहीही'मध्ये मोडत नव्हतं. क्लोरीन हा पाण्याचाच भाग. त्याच्याशिवाय असतं ते नुसतं ओलं.

या माणसाला दोष देण्याआधी त्याची हकीकत सांगितली पाहिजे. विनायकरावांनी चौतीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व्हमन म्हणून काढली. हातात कमरेइतकी लांब लोखंडी चावी, खांद्यावर पंचा, आणि पहाटेपासून गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघड-बंद करायचे. लोक त्यांना महाजन कमी आणि चावीवाले जास्त म्हणत. जमिनीत चावी रोवून तिच्या मुठीला कान लावला की खालचा नळ कुठं गळतोय ते त्यांना कळायचं. नवे इंजिनियर यंत्र घेऊन यायचे, तास घालवायचे, आणि शेवटी विचारायचे, "महाजन, कहाँ खोदना है?" महाजन बोट दाखवत तिथंच ओल निघे.

दुसरं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलेलं. नळाच्या टोकाला पाण्यात औषध पोचतंय की नाही ते तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पाणी पिण्यालायक. पांढरं राहिलं तर काहीतरी घाण त्या क्लोरीनला खाऊन टाकते आहे, आणखी औषध सोडा. निवृत्त होताना खात्यानं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ओटीची पेटी मात्र त्यांनी मागे लागून मिळवली. लग्नकार्यातही ते स्वतःची बाटली घेऊन जातात. मृणाल शाळेत असताना तिच्या पाण्याला पोहण्याच्या टाकीचा वास येतो म्हणून पोरी तिला चिडवत. तिनं रडून सांगितलं, तरी थेंब कमी झाला नाही.

कारण कोणी विचारलं तर ते एकाच वाक्यात सांगत. "माझी बहीण घाण पाण्यानं गेली." बहादरपूरच्या बाजूला त्यांचा मळा होता. एका वर्षी तापीचा पूर विहिरीत शिरला, आठवड्याभरात घरोघर हगवण लागली, आणि पाच वर्षांची वैजू दोन दिवसांत संपली. विनायकराव तेव्हा नऊ वर्षांचे होते. वाक्य तिथं संपायचं. मंगलाबाईंनीही लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी त्यापुढचं काही ऐकलं नव्हतं.

तर त्या मंगळवारी त्यांनी मृणालला फोन लावला.

"पप्पा, ते रक्त नसतं," ती म्हणाली. मागे मैत्रिणींचा कलकलाट होता. "चूहों के आँसू ही लाल असतात. सर्दी झाली, किंवा टेन्शन आलं की येतात. शिंकते का?"

"दोनदा शिंकली. मी मोजलं."

"मग सर्दीच असेल. भुसा बदल, थंड जागी ठेव. मेन म्हणजे, पाणी पीती है ना ठीक से?"

"पिते. बाटली रोज अर्धी होते."

"बस, मग घाबरू नको. आणि पाण्यात काही टाकायचं नाही हं."

"नाही गं," विनायकराव म्हणाले, आणि त्यांच्या मनाला हे खोटं वाटलं नाही.

घाबरू नको म्हटल्यानं न घाबरणारी माणसं वेगळी असतात. तासाभरात विनायकराव बाजारात शालिग्रामच्या दुकानी हजर. शालिग्राम जडीबुटी विकतो. मूतखडा, सांधेदुखी, बाळंतीण, सगळ्यांसाठी त्याच्याकडे बरण्या असतात. उंदराचं नाव ऐकून तो क्षणभरच थांबला.

"काका, डाक्टर लोक आधी उंदराले देतात, मग माणसाले. आपण माणसाले देऊ राहिलो इतके वर्ष. आता उंदराले देऊ, काय बिघडते?" त्यानं तुळस आणि गुळवेलीचा अर्क बाटलीत भरला. "पाण्यात टाका, ताकत येईन. आन् सर्दी आहे तं थंड बंद. काकडी नको, टरबूज नको. कोरडंच खाऊ द्या."

घरी येऊन विनायकरावांनी कापूसला येताना बाटलीसकट विकत आणलेल्या वेगळ्या पिंजऱ्यात हलवलं, सर्दी सरकीला लागू नये म्हणून. दोन्ही बाटल्या घासल्या, उकळून गार केलेलं पाणी भरलं, क्लोरीनचा थेंब टाकला, वर अर्काचे चार थेंब. मग सवयीनं ओटीची पेटी काढली.

पाणी पिवळं होईना.

आत्ताच घासलेली बाटली, उकळलेलं पाणी, आणि तरी क्लोरीन नाही? म्हणजे कोणीतरी त्याला खात होतं. आणि क्लोरीन कोण खातं ते त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं: गटाराची ओल, शेवाळ, रोग. त्यांनी बाटली पुन्हा धुतली, पाणी पुन्हा उकळलं, पुन्हा अर्क, पुन्हा थेंब. पुन्हा पांढरं. मग त्यांनी खात्यात करत तेच केलं. आणखी एक थेंब, मग आणखी एक, रंग धरेपर्यंत. शेवटी नळीत फिकट पिवळी झाक आली तेव्हा कुठं त्यांनी कपाळ पुसलं.

क्लोरीनला खाणारी ती घाण म्हणजे त्यांनीच घातलेली तुळस नि गुळवेल होती. हे दहावी शिकलेल्या पोरालाही कळलं असतं. पण भ्यालेल्या माणसाला आपलीच करणी दिसत नाही, आणि औषधाकडे घाण म्हणून बघणं तर त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं.

बुधवारी कापूसनं दाणे तसेच टाकले. बाहेर चैत्राचं ऊन असं तापलं होतं की दुपारी गल्लीत कुत्रं फिरकत नव्हतं. विनायकरावांनी फडकं दर अर्ध्या तासाला ओलं केलं, पंखा लावला, बंद केला, तिरका लावला. बाटली संध्याकाळी अर्धी झाली होती. "पिते आहे, म्हणजे काळजी नाही," असं ते स्वतःला मोठ्यानं म्हणाले. अर्काचे थेंब चाराचे सहा केले. सहा केल्यावर क्लोरीनही वाढवावं लागलं.

गुरुवारी ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. केस पिंजारलेले, पाठ वाकलेली. सरकी मात्र शेजारच्या पिंजऱ्यात दोन पायांवर उभी राहून, मिशा हलवत, उद्योग करत होती. तेच पाणी, तोच थेंब, आणि ती ठणठणीत. म्हणजे पाण्यात दोष नाही, असा विनायकरावांनी निष्कर्ष काढला आणि त्यांना आणखीच भीती वाटली. पाण्यातला दोष त्यांना काढता आला असता. दुसऱ्या कशाशी कसं लढायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं. "पोरगी विश्वासानं ठेवून गेली गं," ते म्हणाले. "रविवारी काय तोंड दाखवू तिले?"

मंगलाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरीचा अर्धा तुकडा टाकला. "मी जन्मभर मारायच्या गोळ्या आणल्या उंदरासाठी. आता हे पाहाले लागलं," त्या म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा चढला नाही.

शुक्रवारी सकाळी कापूस उठली नाही. डोळे अर्धे मिटलेले, आत गेलेले. विनायकरावांनी चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, आत जुनं मऊ धोतर घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर गावाकडे शिबिराला गेले होते. समोर कंपाउंडर चुडामण होता. म्हशी-बकऱ्यांत केस पांढरे झालेला माणूस.

"काका, इथं लोक उंदीर मारायची दवा मांगतात," तो म्हणाला. पण विनायकरावांचा चेहरा बघून त्यानं पुढची थट्टा गिळली. त्यानं कापूसला तळहातावर घेतलं आणि मानेमागची कातडी दोन बोटांत हलकेच उचलून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. हळूहळू, नाइलाजानं खाली बसली.

"ही तं सुकी पडली," चुडामण म्हणाला. "बकरीचं पण असंच होते. इनं पानी बंद केलं ना, दोन-तीन दिवस झाले."

"शक्यच नाही. बाटली रोज अर्धी होते. मी खूण करतो."

"काका, बाटली अर्धी होते, मान्य. पन इच्या पोटात गेलं का?"

चुडामणनं कापूसला परत खोक्यात ठेवलं.

"साधं पानी द्या. चिमूटभर साखर, मिठाचा कण. ड्रॉपरनं, ओठाच्या कडेनं, एक एक थेंब. जबरदस्ती नको, छातीत जाईन. आज पेली तं वाचली."

दवाखान्यापासून घर वीस मिनिटांवर. रिक्षात खोकं मांडीवर धरून विनायकराव सबंध रस्ताभर आत कान लावून होते. श्वासाची बारीक फुरफुर ऐकू येत होती, आणि खड्डा आला की येईनाशी होत होती. दर खड्ड्याला त्यांना वाटे, गेली.

घरात शिरताच ते तडक रिकाम्या पिंजऱ्यापाशी गेले. बाटली तिथंच टांगलेली होती, खुणेच्या बरीच खाली आलेली. पिंजऱ्यात कोणी नव्हतं. तरी नळीच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला आणि खाली पडला. त्यांनी भुसा बाजूला केला. खाली ओला गोळा झाला होता, चार दिवसांचा, अर्काच्या वासाचा. ज्या माणसाला गावभरची गळती जमिनीवरून ऐकू येत होती, त्याच्या डोळ्यांदेखत हातभर अंतरावर बाटली गळत होती. आणि त्यानं एकदाही कान लावला नव्हता.

"सरकी कशी मग..." ते पुटपुटले.

मंगलाबाई दाराशी उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रागावू नका. सरकीचं पाणी मी फेकून देत होते. वास येते त्याले. माठातलं भरायची मी. आन् काकडीचे तुकडे. कापूसले तुम्ही बिमार म्हणून कोणाले हात लावू देत नव्हते."

विनायकरावांनी बाटली काढली, तळहातावर पाणी ओतलं आणि तोंडात घेतलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. जीभ आखडली. कडू, तिखट, नाकात चढणारं. त्यांनी मोरीत थुंकलं, चूळ भरली, पुन्हा थुंकले. मग मोरीच्या कठड्यावर तसेच बसून राहिले.

"अहो, उठा. ड्रॉपर आणते."

"मंगला," ते म्हणाले, "वैजू पाण्यानं नाही गेली."

मंगलाबाई थांबल्या.

"हगवणीत पाणी द्यायचं नाही, असं तेव्हा म्हणायचे. पाणी दिलं की आणखी वाढते. आजोबांनी मले हंड्यापाशी बसवलं. म्हणे, ती मागेल, देऊ नको, तू मोठा आहेस. ती खाटेवरून मागत होती. दादा, पाणी. दादा, पाणी. मी दोन दिवस बसलो. इमानदारीनं बसलो, मंगला. नंतर ती मागेनाशी झाली, तं मले वाटलं बरं वाटू राहिलं तिले. ती तहानेनं गेली. हंडा भरलेला होता. आणि मी सगळ्यांले पन्नास वर्षं सांगितलं, घाण पाण्यानं गेली."

मंगलाबाई माठाकडे गेल्या, वाटीत पाणी घेतलं, साखर-मीठ ढवळलं, आणि मृणालच्या लहानपणचा औषधाचा ड्रॉपर धुऊन त्यांच्या हातात दिला. ज्या उंदरांना त्यांनी महिनाभर पदर सावरूनच ओलांडलं होतं, त्यांतली एक ओच्यात घेऊन त्या जमिनीवर बसल्या. "द्या," त्या म्हणाल्या. "मी धरते."

पहिला थेंब ओठाच्या कडेनं ओघळून गेला. दुसराही. मंगलाबाईंनी विनायकरावांचं मनगट धरलं. तिसरा थेंब मिशीला लागून राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग सुपारीच्या खांडाएवढी गुलाबी जीभ बाहेर आली आणि तो थेंब आत घेऊन गेली.

"पी," विनायकराव म्हणाले. "पी गं. हवं तितकं पी. कोणी नाही म्हणत नाही."

पाच मिनिटांनी एक थेंब, मग तीन मिनिटांनी. दुपारभर दोघं तिथून उठले नाहीत. चूल पेटली नाही. तीनच्या सुमारास कापूसनं स्वतःहून ड्रॉपरचं टोक दातात धरलं. पाचला तिनं काकडीचा गर चाटला. दिवे लागायच्या वेळी मंगलाबाईंनी मानेमागची कातडी चुडामणनं केली तशी उचलून सोडली. ती अजून हळू होती, पण सकाळपेक्षा लवकर बसली. त्या रात्री विनायकराव झोपले नाहीत, पण जागरणाची त्यांना सवय आहे.

रविवारी मृणाल आली. पिशवी खाली टाकायच्या आधी पिंजऱ्यापाशी. कापूस रोडावली होती, पण उभी होती, नव्या बाटलीखाली. मृणालनं तिला उचलून गालाला लावलं, आणि लगेच तिच्या कपाळाला आठी पडली.

"वजन कमी झालंय. पप्पा, पानी में कुछ डाला था क्या?"

"नाही गं, काय टाकतील ते," मंगलाबाई आतून घाईघाईनं म्हणाल्या.

"टाकलं होतं," विनायकराव म्हणाले. "क्लोरीन. शालिग्रामचा अर्क. मग परत क्लोरीन. तू दोन रेघा मारल्या होत्या, तरी टाकलं. ती मरत होती, मृणाल. माझ्यामुळे."

आपला बाप चुकलो म्हणतो आहे, हे मृणालनं या घरात कधी ऐकलं नव्हतं. तिला रागावायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी बोट वर करून तिला गप्प केलं, आणि पिंजऱ्याच्या जाळीला कान लावला, जसा चौतीस वर्षं चावीला लावत होते.

तिनं कापूसला आत सोडलं. कापूस बाटलीकडे गेली. नळीतली बारीक लोखंडी गोळी जिभेनं हलली की टिक आवाज होतो. टिक. थोडं थांबून पुन्हा टिक, टिक, टिक.

"पिते आहे," विनायकराव म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "खाली पडत नाहीये. पोटात जातंय."

मग त्यांनी मृणालला शेजारी बसवलं आणि तिला वैजूबद्दल सांगितलं. सुरुवात हंड्यापासून केली.